ब्रेकच्या आवाजाची साक्ष

खोटं बोलणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे, असं मुकुंदरावांचं ठाम मत होतं. आणि ते मत काही हवेतलं नव्हतं! धारवाडच्या कोर्टात छत्तीस वर्षं नोकरी, त्यातली शेवटची अकरा शिरस्तेदार म्हणून. न्यायाधीशांच्या पुढ्यात बसून कागद लावता लावता त्यांनी इतक्या खोट्या साक्षी ऐकल्या होत्या की, साक्षीदार पिंजऱ्यात चढतानाच ते ओळखायचे, हा गडी उलटतपासणीत किती मिनिटं टिकेल ते.

"लोक खोटं बोलतात म्हणून सापडत नाहीत," ते सांगायचे, "जास्त बोलतात म्हणून सापडतात. कमी बोलावं. तपशील देऊ नये. आणि अगदीच अडचणीचा प्रश्न आला तर 'बहुतेक' म्हणावं. 'बहुतेक'ला पकडणारा वकील अजून जन्माला यायचाय!"

स्वतः मुकुंदराव मात्र आयुष्यात कधी खोटं बोलले नव्हते. म्हणजे तशी वेळच आली नव्हती. ती यंदाच्या दिवाळीत आली, लाल रंगाच्या गाडीत बसून.

त्यांची एकुलती एक लेक सावनी आणि जावई श्रीहरी पहिल्या दिवाळसणाला बंगळूरहून आले. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी हुबळीतल्या उणकलच्या घरासमोर गाडी अशी कच्चकन थांबली की, फाटकातलं मांजर थेट पेरूच्या झाडावर गेलं.

"किती वाजता निघालात?" मुकुंदरावांनी हसत विचारलं.

"अडीचला!" श्रीहरी त्यांच्या पाया पडत म्हणाला. "दोनदा चहाला थांबलो ना, म्हणून जरा उशीर झाला अप्पा."

घड्याळात सव्वासात वाजले होते. अंतर चारशे किलोमीटरच्या वर. मुकुंदरावांनी मनातल्या मनात भागाकार केला आणि खात्री होईना म्हणून पुन्हा एकदा केला. सावनी हसतच उतरली, पण तिच्या डाव्या तळहातावर दाराच्या वरची कडी घट्ट धरल्याचा लाल वळ होता. तो वळ बघून मुकुंदरावांना राग आला नाही, भीती वाटली. जावई गुणाचा होता, हसरा होता, सावनीला फुलासारखा जपत होता. फक्त गाडीत बसला की त्याच्या उजव्या पायात कोण संचारायचं देव जाणे! आणि चार दिवसांनी, भाऊबीजेला, हाच मुलगा हिला शेजारी बसवून त्याच हायवेनं परत जाणार होता.

गोदूबाईंनी नवऱ्याचा चेहरा ओळखला आणि त्यांना स्वयंपाकघरात ओढलं.

"हे बघा, जावयाला गाडीवरून एक अक्षर बोलायचं नाही. पहिली दिवाळी आहे!"

"अगं, पण तो केवढ्या वेगानं..."

"एक अक्षर नाही म्हणाले ना? स्वतःचं विसरलात वाटतं! आमचे तात्या एक वाक्य बोलले, तर तीन दिवाळ्या माझ्या माहेरचं, गदगचं तोंड बघितलं नाहीत तुम्ही!"

"चारचौघांत पाणउतारा केला होता माझा," मुकुंदराव पुटपुटले. हा पाणउतारा घरात सगळ्यांना ठाऊक होता. तो नेमका काय होता, हे मात्र चौतीस वर्षांत त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

आता वेगाच्या बाबतीत मुकुंदरावांचं स्वतःचं म्हणणं काय, तेही सांगायला हवं. त्यांची एक पांढरी गाडी होती, अकरा वर्षांची. ती ते तीसनं चालवत. उतार असला, पोट भरलेलं असलं आणि समोर चिटपाखरू नसलं तर पस्तिसानं. सिग्नलचा हिरवा दिवा फार वेळ हिरवा दिसला की, तो आता तांबडा होणारच, म्हणून आधीच थांबत. हुबळी-धारवाड रस्त्यावर मधल्या पट्ट्यातून चिगरी बस सूंकन निघून गेली की, ते डोकं हलवून म्हणत, "जा बाबा, जा. आमची कुठं वाट अडलीये?" शिवाय खबरदारी म्हणून हँडब्रेक कायम दोन खटके वर ओढलेला! ही त्यांची स्वतःची युक्ती. गाडी कशी हातात राहते, म्हणत. त्यामुळे समोर एक लाल दिवा सारखा पेटलेला असे, तो डोळ्यांवर येतो म्हणून त्याच्यावर त्यांनी मारुतीरायाचं चिमुकलं चित्र चिकटवलं होतं. गोदूबाई अधूनमधून नाक उडवत, "अहो, काहीतरी जळल्याचा वास येतोय हो." त्यावर मुकुंदरावांचं उत्तर ठरलेलं होतं, "कारखाने किती झालेत बघ की गावात!"

तर असा हा माणूस नरकचतुर्दशीच्या संध्याकाळी जावयाच्या गाडीत पुढं बसला. कोप्पीकर रोडवरून जावयाला कपडे घेतले, गिरमिट-मिरचीभजी खाऊन झाली, आणि घरी येताना उणकलच्या तळ्याकाठी रस्ता जरा मोकळा मिळाला. श्रीहरीनं गाणं गुणगुणत पाय दाबला. बाहेरचे दिवे सगळे एका रेघेत आले. मुकुंदरावांनी डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले. मागच्या सीटवरून गोदूबाईंनी त्यांच्या पाठीला ढोसून 'एक अक्षर नाही'ची आठवण करून दिली.

आणि त्याच क्षणी मुकुंदरावांना युक्ती सुचली. जावयाला नावं ठेवता येत नाहीत, पण जावयाच्या गाडीला ठेवता येतात की!

घरासमोर गाडी थांबताच ते शांतपणे म्हणाले, "श्रीहरीराव, ब्रेकमधून काहीतरी आवाज येतोय."

बस्स. तेवढंच. तपशील नाही. मुकुंदराव स्वतःवर बेहद्द खूश झाले. ब्रेकचा संशय आला की शहाणा माणूस आपोआप हळू चालवतो!

"आवाज?" श्रीहरीचे डोळे चमकले. "कसला अप्पा? किर्र असा, की खर्र असा?"

ही उलटतपासणी होईल, हे मुकुंदरावांच्या हिशेबात नव्हतं.

"म्हणजे... मधला."

"किर्र असेल तर पॅड झिजत आलेत. खर्र असेल तर पॅड संपून लोखंडावर लोखंड घासतंय. स्टीअरिंगला थरथर येत असेल, तर डिस्क वाकडी. पेडल मऊ लागत असेल, तर ब्रेक ऑइलमध्ये हवा शिरली. आणि गाडी एका बाजूला ओढत असेल..."

"थोडं थोडं सगळंच," मुकुंदराव घाईनं म्हणाले. "बहुतेक."

कुठलाही माणूस एवढं ऐकून घाबरला असता. श्रीहरी आनंदानं उडालाच! कारण श्रीहरी बंगळूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होता. दुसऱ्यांनी केलेल्या कामात चूक शोधायची आणि ती पुन्हा पुन्हा घडवून दाखवायची, हीच त्याची नोकरी.

"अप्पा, आमच्याकडं एक नियम आहे. जी चूक पुन्हा घडवून दाखवता येत नाही, ती चूकच नव्हे! उद्या पहाटे मोकळ्या रस्त्यावर जाऊ. ज्या वेगात आवाज आला, त्याच वेगात पुन्हा काढू!"

"अहो, पण..."

"तुम्ही पुढंच बसायचं! आवाज फक्त तुम्हीच ऐकलाय. तुमच्याशिवाय कसं होणार?"

झालं! लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी सहाला, गावाबाहेरच्या सरळ, रिकाम्या रस्त्यावर मुकुंदराव जावयाशेजारी बसले. श्रीहरीकडं वही होती. रस्त्याच्या कडेला एका कडुलिंबाखाली त्यानं सावनीला खूण म्हणून उभं केलं. झाडापाशी आलो की ब्रेक दाबायचा, गाडी थांबेल तिथून झाडापर्यंत पावलं मोजायची आणि आवाजाबद्दल अप्पांची साक्ष घ्यायची, असा बेत.

पहिली फेरी चाळीसनं. धप्पकन ब्रेक. बारा पावलं.

"आला आवाज?"

मुकुंदरावांनी विचार केला. नाही म्हणावं, तर हा म्हणणार, जास्त वेगात बघू. "आला! स्पष्ट आला!"

"छान! मग साठला किती वाढतो, बघू!"

दोन्हीकडून मरण! साठच्या फेरीला मुकुंदरावांचा चष्मा मांडीवर आला. सत्तावीस पावलं. ऐंशीच्या फेरीला चष्मा कुठं गेला ते कळलं नाही, आणि हनुमानस्तोत्रातल्या ओळी उलट्या क्रमानं तोंडातून बाहेर पडल्या. श्रीहरी पावलं मोजत झाडाकडं चालत गेला. या वेळी तो जातच राहिला. अठ्ठेचाळीस! तिथून त्यानं मागं वळून थांबलेल्या गाडीकडं पाहिलं, मग शेजारी उभ्या सावनीकडं पाहिलं, आणि परत आला तेव्हा त्याचं गुणगुणणं थांबलेलं होतं.

"अजून एक फेरी, अप्पा. शेवटची. साठनंच."

मुकुंदरावांनी डोळे गच्च मिटून घेतले. या वेळी धक्का कसा तो बसलाच नाही, गाडी आपली हळूहळू थांबल्यासारखी वाटली. पण डोळे उघडून चौकशी करण्याची त्यांची छाती नव्हती.

"आला आवाज?"

"आला, आला! सगळ्यांत मोठा!"

श्रीहरीनं त्यांच्याकडं एकदा पाहिलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि वही मिटली. घरी येताना त्यानं गाडी पन्नासच्या पुढं नेली नाही. मुकुंदरावांना वाटलं, पोरगा ब्रेकच्या काळजीनं खचला! त्यांना थोडं वाईट वाटलं, पण त्याहून जास्त अभिमान वाटला. छत्तीस वर्षं कोर्टात काही उगाच गेली नव्हती.

पण खोट्याचं असं असतं की, ते आपल्यापुरतं राहात नाही. संध्याकाळी पूजेला शेजारचे शेषगिरी आले. बँकेतून निवृत्त झालेले, आणि जगातल्या प्रत्येक यंत्रावर मत असलेले. प्रसाद हातात घेऊनच ते लाल गाडीत बसले, फाटकापासून कोपऱ्यापर्यंत जाऊन आले आणि उतरताना त्यांनी निकाल दिला.

"हौद्री, मुकुंदराव! सप्पळ आहे! चांगला मोठा आवाज आहे!"

"आहे?" मुकुंदरावांच्या तोंडून निघून गेलं.

"आहे म्हणजे? लांबून ऐकू येतो की आवाज! आमच्या मेहुण्याच्या गाडीला अगदी असाच येत होता. मग एक दिवस ब्रेक लागलेच नाहीत. गाडी गेली ती थेट उसाच्या रसाच्या दुकानात!"

मग गोदूबाईंनाही आवाज ऐकू आला. हळदीकुंकवाला आलेल्या दोघी बायकांनी नुसतं गाडीकडं बघून 'बाई बाई' केलं. आठ वाजेपर्यंत अख्ख्या गल्लीत बातमी की, मुकुंदरावांच्या जावयाच्या गाडीचे ब्रेक फेल झालेत, आणि पोरं देवाच्या कृपेनं बंगळूरहून जिवंत पोचली.

रात्री जेवताना गोदूबाईंनी हुकूम काढला. "त्या गाडीत आता कुणी बसायचं नाही! उद्या ती रायापूरला महादेवकडं दुरुस्तीला टाका. आणि श्रीहरीराव, तुम्ही दोघं आमच्या गाडीनं बंगळूरला जा. यांच्या गाडीचे ब्रेक म्हणजे ब्रेक! अकरा वर्षांत एकदा तक्रार नाही!"

श्रीहरी काहीतरी बोलायला गेला, पण सासूबाईंकडं बघून पुन्हा ताटाकडं वळला. मुकुंदरावांनी घास तसाच हातात धरला. आपली गाडी? या मुलाच्या पायाखाली? पण नाही म्हणायचं, तर आवाज नव्हता हे कबूल करावं लागणार. मग त्यांनी स्वतःचीच समजूत घातली. आपली गाडी बिचारी कितीही दाबली तरी पंचेचाळीसच्या वर जातच नाही. म्हणजे सावनी उलट सुखरूपच पोचेल! त्यांनी घास गिळला आणि वर आणखी एक करंजी मागून घेतली.

पाडव्याला दोन गाड्यांची वरात रायापूरला निघाली. पुढं लाल गाडीत श्रीहरी आणि सावनी. गोदूबाईंचा विरोध पत्करून, अगदी सावकाश. मागं पांढऱ्या गाडीत मुकुंदराव आणि गोदूबाई, त्याहून सावकाश. महादेव हा मुकुंदरावांच्या ओळखीचा मेकॅनिक. पण ओळख फक्त हवा भरण्यापुरती, कारण 'चांगल्या गाडीला मेकॅनिकचा हात लागू देऊ नये' असं मुकुंदरावांचं आणखी एक मत होतं. महादेवच्या गॅरेजमध्ये नुकतीच पाडव्याची पूजा झाली होती. पान्यांवर झेंडूची फुलं, जॅकला कुंकू. मुकुंदराव गाडीतून उतरताच त्यानं नाक वर केलं, लाल गाडीला वळसा घालून सरळ पांढऱ्या गाडीपाशी आला आणि मागच्या चाकाजवळ उकिडवा बसला.

"बर्री सर, या या. हीच ना गाडी?"

"ही नव्हे, महादेव. ती लाल! तिच्या ब्रेकचा आवाज येतोय."

"तिचा आवाज राहू द्या, हिचा वास येतोय की!"

"तो कारखान्याचा," मुकुंदराव म्हणाले.

"कुठल्या कारखान्याचा सर? आज पाडवा. सगळे बंद आहेत."

महादेवनं चाकाजवळ हात नेला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. मग कुणाला न विचारता गाडी जॅकवर चढवली, चाक काढलं, आतला डबा ठोकून ठोकून उघडला आणि वाकून आत पाहिलं.

"यप्पा!" तो म्हणाला. "नोड्री सर, बघा इकडं. हे ब्रेकचं लायनिंग. एवढं जाड असतं, आणि हे बघा. लग्नपत्रिकेचा कागद याच्यापेक्षा जाड असेल!"

त्यानं पुढं जाऊन ब्रेक ऑइलचं झाकण उघडलं. आत तिसऱ्यांदा उकळलेल्या चहासारखं काहीतरी काळं होतं. मग गाडीत डोकावून किल्ली फिरवली. हँडब्रेक दोन खटके वर. त्यानं मारुतीरायाचं चित्र नखानं अलगद सोडवलं, कपाळाला लावलं आणि खिशात ठेवलं. खालून लाल दिवा लखलखला.

"सर, हे कधीपासून असं?"

"अकरा वर्षं," मुकुंदराव हळूच म्हणाले. "खबरदारी म्हणून."

"अकरा वर्षं तुम्ही ब्रेक लावून गाडी चालवताय?"

महादेवला हसावं की रडावं, ते कळेना. शेवटी तो गंभीरच झाला. "सर, तुम्ही तीसनं चालवता म्हणून ही थांबत होती. हीच घेऊन कोणी हायवेला ऐंशीनं गेलं असतं, तर मागचं आणखी तापणार, ऑइल उकळणार. मग पेडल दाबलं की थेट खाली, आणि गाडी पुढंच. पहिल्या उताराला..." हातातलं झाकण त्यानं नुसतं ट्रेमध्ये टाकलं.

मुकुंदराव शेजारच्या जुन्या टायरवर मटकन बसले. उद्या याच गाडीत सावनी बसणार होती. तिला वाचवायला म्हणून बोललेलं खोटं तिला नेमकं या गाडीत बसवणार होतं.

इकडं महादेव लाल गाडी घेऊन रस्त्यावर एक चक्कर मारून आला. "ही तर फर्स्ट क्लास आहे. कसलाही आवाज नाही. कुणी ऐकला?"

सगळ्यांनी मुकुंदरावांकडं पाहिलं. 'बहुतेक' हा शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आला होता. त्यांनी तो गिळला.

"आवाज नव्हता," ते म्हणाले. "मी खोटं बोललो. श्रीहरीराव, तुम्ही गाडी फार जोरात चालवता. सावनी शेजारी बसते, तिच्या हातावर वळ उठतात, आणि मला भीती वाटते हो. रात्री झोप येत नाही. जावयाला कसं बोलायचं, म्हणून गाडीचं नाव घेतलं."

गोदूबाईंनी पदर तोंडाला लावला. आता रुसवा! आता तीन दिवाळ्या!

श्रीहरी मात्र त्यांच्याशेजारी दुसऱ्या टायरवर बसला.

"अप्पा, मला कालच कळलं होतं."

"काय?"

"आवाज नाही ते. शेवटच्या फेरीला मी ब्रेक दाबलाच नव्हता. ॲक्सिलरेटर सोडला फक्त. गाडी आपोआप थांबली, आणि तुम्ही म्हणालात, सगळ्यांत मोठा आवाज आला!"

छत्तीस वर्षांत इतकी साधी आणि इतकी जीवघेणी उलटतपासणी मुकुंदरावांनी पाहिली नव्हती.

"मग बोलला का नाहीत?"

"कसं बोलणार? आईनं निघताना बजावलं होतं, सासऱ्यांना उलटून बोलायचं नाही. पहिली दिवाळी आहे!" श्रीहरी हसला, मग त्याचा आवाज जरा खाली आला. "पण खरं सांगू? ती पावलं मोजायला गेलो ते बरं झालं. चाळीसला बारा, ऐंशीला अठ्ठेचाळीस. वेग दुप्पट केला, तर थांबायला चौपट जागा लागली! आणि झाडापासून बघितलं तर गाडी केवढी लांब होती. मधे कुणी असतं तर? बंगळूरहून येताना तर मी शंभराच्याही वर होतो. मी हे आयुष्यात कधी मोजलंच नव्हतं, अप्पा."

सावनीनं नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला.

गोदूबाईंनी तोंडावरचा पदर काढला. "म्हणजे तुम्हाला राग नाही आला?"

"राग कसला, आई?"

"बघा!" गोदूबाई नवऱ्याकडं वळल्या. "सांगू का यांना, आमचे तात्या काय बोलले होते ते?"

"गोदू, राहू दे."

"का राहू दे? पहिल्या दिवाळीला हे मला मोटारसायकलवर बसवून गदगला घेऊन आले. वाटेत माझी एक चप्पल उडाली, तरी थांबले नाहीत! तर तात्या एवढंच म्हणाले, 'मुकुंदराव, गाडी जरा सावकाश हाका, आमची गोदू मागं बसलेली असते.' एवढंच!"

"एवढ्यावरून तीन दिवाळ्या?" सावनी ओरडली.

मुकुंदराव समोरच्या पान्यावरचं झेंडूचं फूल बारकाईनं न्याहाळू लागले. तात्या त्या दिवशी रागावले नव्हते, घाबरले होते. हे कळायला त्यांना चौतीस वर्षं आणि एक जावई लागला. तात्या आज असते, तर मुकुंदराव उठून त्यांच्या पाया पडले असते.

भाऊबीजेला सकाळी दहाला लाल गाडी बंगळूरकडं निघाली. श्रीहरीची बहीण स्नेहा संध्याकाळी ओवाळायला वाट बघत बसणार होती, पण श्रीहरीनं तिला आधीच सांगून ठेवलं, दिवेलागणीच्या आत पोचलो तर ठीक. फाटकातून गाडी अशी हळुवार बाहेर पडली की, पेरूच्या झाडावरच्या मांजरानं डोळासुद्धा उघडला नाही.

दुपारी मुकुंदराव आणि गोदूबाई चिगरीनं रायापूरला गेले आणि आपली गाडी घेऊन आले. नवं लायनिंग, नवं ऑइल. महादेवनं हँडब्रेक पूर्ण खाली करून दाखवला आणि सांगितलं, "आता हा असाच ठेवायचा सर. आणि पाय जरा जपून." मुकुंदराव म्हणाले, "मला सांगतोस?"

अकरा वर्षं ब्रेकशी झुंजत गाडी ओढायची सवय झालेला पाय त्यांनी नेहमीसारखाच दाबला. गाडी नेहमीसारखी गेली नाही. ती सुटली! शेजारून एक रिक्षा मागं गेली, मग एक ट्रक मागं गेला, मग मधल्या पट्ट्यातली चिगरी मागं गेली, आणि गोदूबाईंनी दोन्ही हातांनी वरची कडी धरली.

"अहो! अहो, हळू!"

"तीसच असेल गं," मुकुंदराव म्हणाले. काट्याकडं बघायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती. एका खांबावर काहीतरी लकाकलं, तेवढं त्यांनी पाहिलं.

घरी येऊन ते फोन समोर ठेवून बसले. तीन वाजले. चार वाजले. पाच वाजले.

"अजून कसे पोचले नाहीत?" ते येरझाऱ्या घालू लागले. "सात तास झाले! काय गाडी चालवतोय की बैलगाडी?"

"तुमच्या जिभेला दोन खटके वर ओढा की आता!" गोदूबाई म्हणाल्या.

साडेपाचला फोन वाजला. सावनी. सुखरूप पोचले होते. "अप्पा, ऐंशीच्या वर एकदासुद्धा गेला नाही हो! मी मस्त झोपले गाडीत." मुकुंदरावांचे डोळे भरून आले. त्यांनी फोन स्पीकरवर टाकला, म्हणजे गोदूलाही ऐकू यावं. मग श्रीहरी आला. "अप्पा, तुमची गाडी आली का? आता कशी चालते?"

"एकदम व्यवस्थित," मुकुंदराव म्हणाले. "वेगाच्या बाबतीत आपण कसं..."

तेवढ्यात फोनमध्ये टिंग झालं. पडद्यावर वाहतूक पोलिसांचा मेसेज आला. दुपारची वेळ, रायापूरचा रस्ता, वेगमर्यादा पन्नास, आपल्या वाहनाचा वेग अठ्ठ्याहत्तर. सोबत फोटोही होता. मुकुंदराव छाती काढून बसलेले आणि शेजारी गोदूबाई कडीला लोंबकळलेल्या!

"अप्पा, काहीतरी आवाज आला का हो तिकडं?" श्रीहरीनं विचारलं.

मुकुंदरावांनी फोन गोदूबाईंच्या नजरेआड उलटा धरला.

"आवाज? नाही बुवा. मला काहीच ऐकू आलं नाही."

"नक्की?"

"बहुतेक," मुकुंदराव म्हणाले.